असंख्य कार्यकर्त्यांसह एक पिल्लू

माझा पक्षप्रवेश कुत्र्याच्या एका पिल्लामुळे झाला, आणि तो झाला हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

तोवर वीस वर्षं मी आमच्या गावातला एकमेव तटस्थ माणूस होतो. यात फुशारकी काही नाही, धंदाच तसा आहे. माझी पिठाची गिरणी आहे. शिरूर कासारच्या अलीकडचं आमचं गाव जेमतेम दोनशे उंबऱ्यांचं, पण गट दोन. वरच्या आळीला आण्णांचा, खालच्या आळीला भीमरावांचा. दोन्ही आळ्या जेवतात, म्हणून दोन्ही आळ्यांचं दळण माझ्याकडे येतं. गिरणीत मी दोघांचीही कॅलेंडरं लावलेली आहेत, यंत्राच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक. महिना संपला की दोन्हींची पानं मी एकाच वेळी, दोन हातांनी उलटतो. (मध्ये यंत्र आहे, त्यामुळे हात जरा ताणावे लागतात. पण ताणतो!)

त्यात भीमराव हे माझ्या बायकोचे, सुमनचे, सख्खे थोरले भाऊ. तरीही मेहुण्याला मी आजवर कधी ‘यंदा तुम्हीच’ असं म्हटलेलं नाही. कुणीही काहीही विचारलं तरी माझं उत्तर ठरलेलं, “बघू की.” या दोन शब्दांवर मी एक गिरणी आणि एक संसार वीस वर्षं चालवला.

दिवाळीत आमचा म्हातारा कुत्रा गेला आणि अंगण उघडं पडलं. गावातल्या शेळ्यांना ही बातमी माझ्याआधी कळली असावी. सुमनने वाळत घातलेला उडीद तीन दिवसांत दोनदा फस्त झाला. तिसऱ्यांदा ती शेळीला काही बोलली नाही, मला बोलली.

“घरात एक कुत्रं आना, न्हाईतर तुमी सोता अंगनात बसा.”

मी कुत्रं आणायचं ठरवलं.

आण्णांच्या शेतावरची कारवानी कुत्री व्याली आहे, हे मला गिरणीत कळलं होतं. लांब पायांची, वाऱ्यासारखी पळणारी जात. आता आमच्याकडे असं म्हणतात की पिल्लू डोळे उघडायच्या आत आणावं. डोळे उघडल्यावर ते पहिलं तोंड ज्याचं बघतं, जन्मभर त्याचंच होतं. (हे मला नक्की कोणी सांगितलं ते आठवत नाही. गिरणीच्या खडखडाटात माणूस अर्धं ऐकतो आणि त्यावर पूर्ण विश्वास ठेवतो.) मग उशीर कशाला? मी भाकरी आणि गुळाचा खडा फडक्यात बांधला आणि निघालो.

आण्णांचा म्हातारा सालगडी बाबूकाका गोठ्यापाशीच भेटला.

“काका, पिल्लं किती दिसाची?”

“आज नववा दिस. डोळे बी उघडले न्हाईत अजून. तू महिन्यानं ये.”

“महिन्यानं कशाला? डोळे मिटलेलंच पायजे मला.”

“कावून रं?”

मी त्यांना पहिल्या तोंडाचं शास्त्र समजावून सांगितलं. बाबूकाकांनी सत्तर पावसाळे कुत्र्यांत आणि गुरांत काढलेले. त्यांनी मला एकदा वरून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, “शिकलेला मानूस तू. तुला काय सांगावं?” त्यांचा हा टोमणा मी कौतुक म्हणून घेतला, ही माझी पहिली चूक.

रीत म्हणून मी भाकरी आणि गूळ कुत्रीपुढे ठेवला. आईला खाऊ घालूनच पिल्लू उचलायचं असतं. ती भाकरी खात असताना मी एक पिल्लू उचललं. कपाळावर पांढरा ठिपका, डोळे घट्ट मिटलेले, अख्खं पिल्लू माझ्या एका तळहातात मावत होतं. तेवढ्यात मागून आवाज आला.

“आरं, गिरणीवाले! तुमी आन् आमच्या दारात?”

आण्णा! मागे पाच-सहा कार्यकर्ते. ग्रामपंचायतीचं मतदान एकवीस दिवसांवर आलेलं, त्यामुळे आण्णा त्या दिवसांत आंघोळीलासुद्धा एकटे जात नसत.

“एक पिल्लू न्यायला आलतो, आण्णा.”

“न्या की! आपलंच घर हाय. बबन, शाल आन.”

मला शंका यायला हवी होती, पण आली नाही. कारण आण्णांच्या ओसरीवर शालींचा ढीग कायमच असतो. कुणाचं पोरगं दहावी पास झालं, शाल. कुणाची म्हैस व्याली, शाल. एकदा चुकून आलेल्या टपालवाल्यालाही शाल मिळाली होती. मला वाटलं, पिल्लू नेणाऱ्यालाही देत असतील! शाल आली, नारळ आला. मग बबनने माझ्या गळ्यात एक जांभळा गमछा घातला. थंडीचे दिवस, पिल्लू एवढंसं, म्हणून गुंडाळायला दिला असणार. किती समजूतदार माणसं, असं मनाशी म्हणत मी तो गमछा गळ्यातून काढला आणि पिल्लाला नीट गुंडाळला.

कार्यकर्त्यांनी आण्णांकडे बघितलं. मग आण्णा खो-खो हसले. “आसू दे, आसू दे. घे फोटो!”

मी फोटोसाठी छानपैकी हसलो. ही दुसरी चूक. तो फोटो मी पुढे इतक्या वेळा पाहिला की माझी उजवी दाढ किडली आहे हे मला त्यातच कळलं.

सकाळी आठ वाजता गिरणी उघडली. रोज या वेळेला दारात डब्यांची रांग असते. त्या दिवशी रांग तर सोडाच, एक डबाही नाही! साडेआठला खालच्या आळीच्या सखूबाई ज्वारीचा डबा डोक्यावर घेऊन आल्या आणि पायरीच्या खालीच उभ्या राहिल्या.

“या की मावशी, आत या.”

“न्हाई बाबा. तुज्याकडं दळायचं का न्हाई ते आधी लेकाला इचारून येते.”

“आवो, ज्वारी दळायला लेकाला काय इचारायचं?”

“तसं न्हाई. तू आता तिकडला झालास नव्हं.”

कुठला झालो? मी सखूबाईंच्या पाठमोऱ्या डब्याकडे बघत असतानाच फोन वाजला. आमच्या शेजारचा रामा, ऊसतोडीला गेलेला, थेट उसाच्या फडातून बोलत होता. मागे कोयत्यांचा आवाज येत होता.

“काका, खरं हाय का? हितं समदे इचारायलेत. तुमी गेलाव म्हंजे आता आमी मत कुनाला टाकायचं?”

“कुठं गेलो मी? गिरणीतच हाय!”

“मोबाईल बघा,” एवढं म्हणून रामाने फोन ठेवला.

मी मोबाईल बघितला. पिठाच्या पोत्यावर बसून मी ते तीनदा वाचलं. वर मोठ्या अक्षरांत ‘जाहीर प्रवेश!’ खाली, ‘गिरणी उद्योगातील ज्येष्ठ नेतृत्व मा. दिगंबरराव यांचा असंख्य कार्यकर्त्यांसह आण्णांच्या गटात जाहीर प्रवेश. हार्दिक स्वागत!’ आणि मध्ये तो फोटो. आण्णा, शाल पांघरलेला मी, माझी दाढ आणि गळ्यापर्यंत जांभळा गमछा गुंडाळलेलं पिल्लू. असंख्य कार्यकर्ते म्हणजे ते एकटंच, आणि त्याचे तर अजून डोळेही उघडले नव्हते!

गिरणी बंद करून मी घराकडे पळालो. वाटेत एसटी थांब्यापाशी बबन शिडीवर चढून फ्लेक्स बांधत होता. फ्लेक्सवर पिल्लू माझ्यापेक्षा मोठं छापलेलं होतं.

घरी ओसरीवर भीमराव बसलेले. पुढ्यात चहा तसाच, त्यावर साय धरलेली. आमचे मेहुणे चहा सोडत नाहीत, त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते मी ओळखलं.

“दाजी,” ते म्हणाले, “सख्खी बहीन दिली तुमाला.”

“भीमराव, मी फक्त पिल्लू आणायला गेलतो हो!”

“पिल्लू आणायला शाल लागती?”

“ती त्यांनी घातली.”

“आन् गमछा?”

“तो मी पिल्लाला गुंडाळला.”

“म्हंजे घरातल्या जनावराला बी प्रवेश दिलाव तुमी!”

आतून सुमन आली. तिच्या हातात पिल्लू होतं. “वीस वर्सं म्या इचारलं तर ‘बघू की’. भावानं इचारलं तर ‘बघू की’. आन् तिकडं जाऊन गुपचूप टोपी फिरवलीत व्हय?”

“टोपी कुठाय? गमछा होता!” मी म्हणालो. (काही वेळा माणसाने गप्प बसावं. ही तिसरी चूक.)

“ते काय बी असू द्या,” भीमराव उठले. “आत्ताच्या आत्ता पिल्लू परत करून या. समद्यांसमोर. माझा मानूस फोटो घ्यायला येईल.”

तेव्हा सुमन हळूच म्हणाली, “दादा, तसं बी ह्ये परत द्यावंच लागंल. कालपासून दुधाचा थेंब घेईना. शेळीचं दिलं, वात बुडवून दिली, समदं भाईर टाकतंय. हात लावून बघ, गार पडायलंय.”

मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आधी वय विचारलं. मी दहा दिवस सांगितलं. ते म्हणाले, “अहो, एवढं लहान पिल्लू आईपासून तोडतात का? दूध आणि ऊब, दोन्ही तिचंच लागतं त्याला. आत्ता नेऊन आईपाशी घाला. नाहीतर हे संध्याकाळ बघणार नाही.”

पहिलं तोंड माझं दिसावं म्हणून मी त्याला आणलं होतं, आणि आता ते कुणाचंच तोंड न बघता जायच्या बेतात होतं. पिल्लू शालीत घेऊन मी आण्णांच्या शेताकडे धावत सुटलो. फाटकाला आतून कडी, आणि कडीपाशी बबन.

“बबन, ह्याला आईपाशी सोड बाबा. मरायला लागलंय!”

बबनने पिल्लाकडे न बघता माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. “त्या लिंबामागं कोन उभाय?”

मी वळून पाहिलं. लिंबाच्या बुंध्याआड भीमरावांचा माणूस मोबाईल धरून उभा होता. त्याने मला हात हलवला.

“न्हाई जमत,” बबन म्हणाला. “पिल्लू परत आलं म्हंजे मानूस परत गेला. फोटो फिरंल. आण्णांची शोभा व्हईल.”

“आरं, मी तुमच्यातच ऱ्हातो की! लिहून देतो! फक्त पिल्लू घे.”

(वीस वर्षांची तटस्थता मी फाटकाच्या गजांमधून आत सरकवली. त्यांनी तीसुद्धा घेतली नाही.)

“मतदान झाल्यावर या,” बबन म्हणाला.

“वीस दिस हायेत बे मतदानाला! ह्याच्याकडं वीस तास न्हाईत!”

आत गोठ्याकडून कुत्रीचं कण्हणं ऐकू येत होतं. माझ्या शालीतून एक बारीक ‘कुं’ आलं. मग तेही थांबलं. इतकी वर्षं मी कुणालाच दुखवलं नाही याचा मला अभिमान होता. पण त्या फाटकाशी उभं राहून कळलं की माझ्या शब्दाला कुणी विचारतही नव्हतं. मला रडू आलं. लिंबाआडच्या माणसाने त्याचाही फोटो घेतला.

घरी येऊन मी पिल्लू सुमनच्या हातात दिलं आणि काय झालं ते सांगितलं. भीमराव म्हणाले, “मंग आता आपन निषेधाची पत्रकार परिषद...”

“चुलीत घाल ती परिषद!” सुमन ओरडली.

माझ्या लग्नाला वीस वर्षं झाली. या आवाजात ती माझ्याशी अनेकदा बोलली आहे, पण भावाशी बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. भीमराव खाली बसले.

“एवढंसं लेकरू मरायलंय आन् तुमचं फोटो फोटो काय चाललंय? सरका!”

पिल्लू पदराखाली घेऊन ती तशीच अनवाणी निघाली. भर दुपारी, भर रस्त्याने, वरच्या आळीतून! भीमरावांच्या बहिणीला आण्णांच्या शेताकडे जाताना बघून लोक जेवणावरून उठून दारात आले. भीमराव तिला थांबवायला मागे धावले. मी भीमरावांच्या मागे. लिंबाआडचा माणूस आमच्या मागे, कारण आता कुणाचा फोटो घ्यायचा हेच त्याला कळेना.

सुमनने बबनशी एक शब्द वाया घालवला नाही. फाटक धरून तिने सरळ हाक मारली, “आण्णा! गावची लेक दारात उभी हाय. माघारी लावताव का?”

आण्णा बाहेर आले. राजकारणातला माणूस पेचात पडलेला मी खूप वेळा पाहिला आहे, पण इतका नाही. गावच्या लेकीला दारातून परत लावलं तर वरची आळीसुद्धा तोंडात शेण घालेल. आणि आत घेतलं तर पिल्लू परत! त्यांनी बबनकडे बघितलं. बबन आभाळाकडे बघत होता.

“उघड बे फाटक!” आण्णा त्याच्यावरच खेकसले.

तेवढ्यात आण्णांच्या मालकीणबाई ताटात खण, नारळ, तांदूळ घेऊन लगबगीने आल्या. गावची लेक दारात आली म्हणजे ओटी भरल्याशिवाय कशी सोडायची? सुमनने पदर पुढे केला आणि हात मोकळे हवेत म्हणून पिल्लू शेजारी उभ्या असलेल्या माणसाला दिलं. शेजारी भीमराव होते!

मेहुणे तसे धिप्पाड, पण ते मूठभर पिल्लू हातात आल्यावर त्यांचा चेहरा एकदम वेगळाच झाला. त्यांनी ते नाकाजवळ नेलं, कान लावला, तोंडाची वाफ दिली. “चालू हाय... चालू हाय श्वास,” ते पुटपुटले. आणि मग केवढ्यांदा तरी ओरडले, “दाजी! डोळा उघडला! एक डोळा उघडला!”

मी धावत पोचेपर्यंत तो एक डोळा, निळसर आणि ओला, भीमरावांच्या मिशांकडे एकटक बघत होता. मी माझं तोंड मध्ये घालायचा बराच प्रयत्न केला. “सरका दाजी, उजेड आडवताव,” भीमराव म्हणाले.

बाबूकाकांनी पिल्लू त्यांच्या हातातून घेऊन कुत्रीच्या पोटाशी ठेवलं. कुत्रीने त्याला दोनदा चाटलं आणि नाकाने ढकलून दुधाला लावलं. आम्ही सगळे, दोन्ही गट, श्वास रोखून गोठ्यात उकिडवे बसलो होतो. त्याच्या कानशिलापाशी दूध ओढण्याची हालचाल दिसली तेव्हा भीमराव आणि आण्णा दोघांनीही एकदमच “हां!” म्हटलं. त्यांचं कशावर तरी एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. बबनने सवयीने फोटो घेतला.

संध्याकाळी तो फोटो सगळीकडे फिरला. ‘जाहीर प्रवेश! मा. भीमराव यांचा असंख्य कार्यकर्त्यांसह...’ या वेळी असंख्य कार्यकर्ते म्हणून मागे मी दिसतो आहे.

भीमराव आधी तापले. मग आण्णांचा फोन आला, पिल्लाचा दुसरा डोळा अजून उघडत नाही, येऊन बघता का म्हणून. भीमराव गेले. दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्या दिवशी दुसरा डोळा उघडला तेव्हा पिल्लू आण्णांच्या मांडीवर होतं. (मी गिरणीत होतो. रांग पुन्हा लागली होती, आणि कुणीतरी दळायला हवंच की!) रोज गोठ्यात बसून त्या दोघांचं काय बोलणं झालं कुणास ठाऊक, पण अर्ज मागे घ्यायच्या दिवशी निवडणूक बिनविरोध झाली. आण्णा सरपंच, भीमराव उपसरपंच. गावात एकच गट उरला, आणि त्यात जाहीर प्रवेश केलेला पहिला माणूस मी. मला साधं ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीच्या समितीवरसुद्धा कुणी घेतलं नाही.

महिन्याने पिल्लू घरी आलं. सुमनने त्याचं नाव टिकल्या ठेवलं. आता ते चांगलं कमरेएवढं झालं आहे. शेळ्या आमच्या अंगणाकडे बघतसुद्धा नाहीत. भीमराव आले की टिकल्या त्यांच्या अंगावर उड्या मारतो, आण्णांची गाडी वाजली की फाटकापर्यंत लोळत जातो. पहिल्या तोंडाचं शास्त्र अगदी खरं निघालं, डोळ्यागणिक! मी मात्र संध्याकाळी गिरणीतून पिठाने पांढरा होऊन येतो, आणि तो मला दारातच अडवून भुंकतो. ओळख पटेपर्यंत आत सोडत नाही.

“आरं, मालक हाय मी तुझा!” मी बाहेरून ओरडतो.

आतून सुमनचा आवाज येतो, “बघू की.”